तीस चौरस मीटर

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच असावं.
चंचुपात्रात पांढरी पूड टाकली
आणि ती वरच्यावर बसून राहिली,
रुसलेल्या पाहुण्यासारखी, अंगाला ओल लागू न देता.
ढवळलं. गरम केलं. पुन्हा ढवळलं.
सकाळी पाणी पाणीच होतं आणि पूड पूडच.

नमुना एकेचाळीस.
कागदावर मोठा गुणी.
बुरशी दिसली की तिच्या भिंतीला खिंडार पाडतो,
फक्त तिथवर कुणी पोचवायला हवं.

बाबांना अशीच एक गोळी होती.
ही नव्हे, हिची चुलत बहीण म्हणा.
"चरबीच्या जेवणासोबत घ्या," डॉक्टरीणबाईंनी बजावलं,
"नुसत्या पाण्याबरोबर घेतलीत तर आली तशी निघून जाईल."
आई पावावर डुकराची चरबी थापायची,
वर कांदा, वर लाल मिरचीची पूड.
बाबा एक घास गालात धरून
खिडकीतून तिसा नदी बघत राहायचे.
भूक लागली असती तर औषध लागू पडलं असतं.
औषध लागू पडलं असतं तर भूक लागली असती.
असे सात आठवडे.

गिरणी म्हणावी एवढी ती मोठी नाही,
लोणच्याच्या बरणीएवढी.
आत खसखशीहून बारीक, दगडाहून कठीण मणी,
पाणी, पूड, चिमूटभर पॉलिमर,
आणि बाहेरून थंड पाण्याचं जाकीट,
कारण इतकं आपटल्यावर कुणालाही ताप चढेल.
सेगेदमध्ये मध्यरात्री ट्राम थांबतात, गिरणी थांबत नाही.
वेंडेल काका म्हणतात, "भांडू दे त्यांना, बोरोका.
तू कॉफी ओत."

मी कॉफी ओतते आणि हिशेब करते.
एक ग्रॅम पूड, चमच्याच्या टोकावर मावणारी.
तिचे कण केसाच्या जाडीच्या चारशेव्या भागाइतके केले
आणि सगळ्यांची पाठपोट उलगडून जमिनीवर अंथरली,
तर भरतात तीस चौरस मीटर.
आमचं घर तेवढंच आहे. सातवा मजला, न्हाणीघर धरून.
पाण्याला शिरायला एवढी दारं झाली
तर ते किती दिवस बाहेर उभं राहील?

पहिली खेप तीन आठवड्यांत बिघडली.
फ्रिजमध्ये, कुणी हात न लावता.
बारके विरघळले
आणि थोरल्यांच्या अंगावर जाऊन बसले,
थोरले आणखी थोर झाले,
तळाशी सुयांचा गठ्ठा.
बळी तो कान पिळी, तिथेही.
काकांनी कुपी उजेडात धरली, काही बोलले नाहीत,
ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता
खिशात घालून घरी घेऊन गेले. का, ते मी अजून विचारलेलं नाही.

मग पॉलिमर बदललं. पुन्हा बदललं.
प्रत्येक कणाला झबलं हवं,
शेजाऱ्याला चिकटू न देणारं,
पण पोटात गेल्यावर आडवं न येणारं.
हे बोलायला सोपं आहे.
मला त्याला चौदा महिने लागले.

काल रात्री बरणीतून निघालं ते दुधासारखं,
कडेला निळसर झाक असलेलं.
तळाशी काही नाही. आठ आठवडे झालेल्या कुपीच्याही तळाशी काही नाही.
भांड्यात उपाशी पोटाचं बनावट पाणी घेतलं:
आंबट, सदतीस अंश, चरबीचा थेंब नसलेलं.
त्यात ते सोडलं.
धूर होऊन पसरलं, मग धूरही दिसेना.
अकरा मिनिटं.

मी घड्याळ दोनदा पाहिलं.
भांड्याला कुत्र्याचं पोट म्हणत नाहीत,
कुत्र्याच्या पोटाला माणसाचं म्हणत नाहीत,
मध्ये अजून वर्षं आहेत, सह्या आहेत,
आणि बहुधा आणखी एखादा सुयांचा गठ्ठा.
वहीत फक्त एक शब्द लिहिला,
उपाशीपोटी,
आणि त्याच्याखाली रेघ ओढताना पेन कागदातून आरपार गेलं.

काका दारात उभे, कोट चढवलेले.
"जेवलीस का?"
नाही म्हणाले.
त्यांनी डबा उघडला: पाव, चरबी, कांदा.
मी पहिला घास गालात धरला
आणि बराच वेळ
तो गिळता आला नाही.